रुतलेली उसाची ट्रॉली कप्पी लावून निघेल का?

तुमची ट्रॉली मोहोळजवळ काळ्या रानात आसापर्यंत रुतलीय आणि एका ट्रॅक्टरला हलत नाही, म्हणून कप्पीने ताकद दुप्पट होते का, असं विचारलंय. होते, पण कप्पी ट्रॉलीलाच अडकवली तर. वायररोपचं एक टोक बांधावरच्या जुन्या बाभळीला बांधा, रोप ट्रॉलीच्या कप्पीतून फिरवून ट्रॅक्टरकडे आणा. ट्रॅक्टर दहा फूट गेला की ट्रॉली पाचच फूट सरकेल, पण ओढ जवळपास दुप्पट बसेल. थोडी घर्षणात जाते. दोन्ही पदर समांतर ठेवा. त्यांच्यातला कोन १२० अंशांवर गेला की कप्पीचा फायदा शून्य. तीच कप्पी झाडाला बांधली तर नुसती दिशा बदलते, वर झाडावर दुप्पट ताण येतो.

विहिरीची कप्पी चुकूनही वापरू नका. कप्पी, शॅकल (कप्पी अडकवायची लोखंडी कडी) आणि ट्रॉलीचा हूक या तिन्हींवर रोपाच्या दुप्पट भार येतो. ट्रॅक्टरला रोप खालच्या हूकलाच लावा. मागच्या आसाच्या वर बांधलं की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटतो. रोपावर ओली पोती टाका, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी होईल. बघ्यांना मात्र रोपाच्या लांबीपेक्षा लांब हाकला (ते ऐकत नाहीत, तरी).

आणि आधी निम्मा ऊस उतरवा, चाकांपुढचा चिखल खोऱ्याने काढून पाचट टाका. बऱ्याचदा तेवढ्यावरच निघते.