चाक उघडलं, पण कुलूप लागलं नाही

प्रश्न : 9 सप्टेंबर 2007 रोजी डेन्मार्कमध्ये ऑल्बोर्गला उतरताना एसएएस कंपनीचं पंख्याचं विमान उजवीकडे कलंडलं आणि पंख्याचे तुकडे केबिनमध्ये घुसले. चित्रफितीत तर चाक खाली आलेलं दिसतं. मग ते मोडलं कसं? पंखा आधीच बंद का केला नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चाक खाली येणं वेगळं आणि खाली येऊन कुलूपबंद होणं वेगळं. उजव्या चाकाला कुलूप लागल्याचा हिरवा दिवा लागलाच नव्हता. वैमानिकांना ते ठाऊक होतं, म्हणून तर पंख्याजवळच्या प्रवाशांना आधीच दुसरीकडे बसवलं. त्या निर्णयाला माझा सलाम, सगळे वाचले.

दोष होता हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, जॅकमध्ये. हा जॅक चाकाचा पाय उघडतो आणि खाली येताना त्याचा वेग आवरूनही धरतो. त्याचा दांडा टोकाच्या तुकड्यात आट्यांनी बसवलेला असतो. ते आटे आतून गंजून झिजले होते. बाहेरून टॉर्च मारून काय दिसणार? हँगरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला असलाच दोष सर्वांत नकोसा. दांडा निसटला, पाय धाडकन खाली आला आणि त्या हिसक्यात कुलपाची यंत्रणाच मोडली. टेकल्यावर भार पडला तसा पाय दुमडला.

हे विमान होतं क्यू-400. तीनच दिवसांनी लिथुआनियात व्हिल्नियसला, तशाच क्यू-400 विमानाचं, पुन्हा उजवंच चाक! मग दहा हजारांहून जास्त उड्डाणं झालेली क्यू-400 विमानं तपासणी होईपर्यंत उभी करा, असं ती बनवणाऱ्या खुद्द बाँबार्डियर कंपनीने सांगितलं.

आता पंखा. फिरती पाती धावपट्टीवर आपटली की तुकडे गोळीसारखे उडतात. थांबलेली पाती नुसती मोडतात. पण इंजिन आधीच बंद केलं, तर ऐनवेळी पुन्हा वर उठायला एकच इंजिन उरतं. हा हिशेब हवेत बसून करायचा असतो, हे विसरू नका. 27 ऑक्टोबरला कोपनहेगनला उजवं चाक उघडेनाच, तेव्हा मात्र वैमानिक त्या बाजूचं इंजिन बंद करूनच उतरले. तिथे गंजाचा संबंध नव्हता. जॅकमधल्या बारीक छिद्रात एक सुटी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल कडी, अडकली होती! दुसऱ्याच दिवशी एसएएसने ही विमानं कायमची बंद केली.

क्यू-400चं चाक इंजिनाच्या खोबणीतून उतरतं. तुमच्या कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर या पंख्याच्या विमानाचं पोटाच्या बाजूच्या फुगवट्यातून उतरतं, रचनाच निराळी. खिडकीची जागा खुशाल घ्या.