वाचकांचे प्रश्न : घरून काम आणि विजेचं बिल

प्रश्न : मार्चपासून आम्ही दोघंही घरून काम करतो, वेगवेगळ्या खोल्यांत. महिन्याचा वापर २३५ युनिटांवरून ३९० वर गेला. काम संपलं की दोन्ही लॅपटॉप प्लगमधून काढून ठेवतो, तरी काही फरक पडत नाही. दुपारी सहा तास दीड टनाचा इन्व्हर्टर एसी चालतो. शेजारी सांगतात की, तीनशेच्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळं बिल महागड्या दराने लागतं. खरं आहे का? (ठाणे)

उत्तर : शेजाऱ्यांचा हा गैरसमज फार जणांचा आहे. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. पण वरचा दर फक्त त्या टप्प्यात आलेल्या युनिटांनाच लागतो. तुमच्या ३९० पैकी पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त ९० तिसऱ्या दराने. वर १६ टक्के विद्युत शुल्क. म्हणजे काटकसर केली की आधी कमी होतात ती हीच सगळ्यात महाग ९० युनिटं. प्रयत्न करण्यासारखा आहे तो यासाठी.

आता वाढलेल्या १५५ युनिटांचा हिशेब मांडू. चालू लॅपटॉप सरासरी ४५ वॅट घेतो. रोज ९ तास, महिन्याचे २४ दिवस धरले तर एकाची १० युनिटंही होत नाहीत. दोघांची मिळून २०. दोन खोल्यांतले जुने पंखे ७५ वॅटचे, तेवढ्याच तासांची ३२ युनिटं. उरली शंभरेक, ती एसीची : तासाला ०.७ युनिट धरलं तरी सहा तास आणि २४ दिवसांची १०० होतात. लॅपटॉपचा प्लग काढून काही हाती लागणार नव्हतं ते यामुळेच.

एसी २४ वर असेल तर २६ किंवा २७ वर न्या आणि सोबत पंखा दोनवर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ लावण्यात अर्थ नाही. यंत्र त्याच जोराने चालतं, फक्त थांबत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. बाहेरच्या युनिटसमोर कुंड्या, वाळत घातलेले कपडे नकोत. गरम हवा अडली की तीच परत आत ओढली जाते. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून ताडपत्री किंवा बांबूची चिक लावा, कारण काच तापली की उष्णता आत आलीच. आणि शक्य असेल तर दुपारचे ते सहा तास दोघांनी एकाच खोलीत बसा. दोघांच्या मीटिंग एका वेळी आल्या तर एकाने तेवढ्यापुरतं बाहेर जावं. एक पंखाही वाचतो.

एसी बंद असताना काय चालू राहतं, हे मात्र मीटरलाच विचारायला हवं. मीटरच्या तोंडावर बहुधा '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजचा प्लग दहा मिनिटांसाठी काढा, पंखे-दिवे बंद करा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. १५ सेकंद आले तर ७५ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चोवीस तास आणि तीस दिवसांची ५४ युनिटं होतात! (आकडा १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्या.) मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजा : सेट-टॉप बॉक्स, राउटर, संगणकाचा यूपीएस, इन्व्हर्टर. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बहुतेक वेळा १० ते १५ वॅट घेतच राहतो, म्हणून तो भिंतीच्या बटणावरूनच बंद करावा. घरातला मेन स्विच बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत गळती आहे किंवा कुणी तिथून जोडणी घेतली आहे. तिथे स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा.

प्रश्न : गावी लाइट सारखी जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला. बॅटरी चार वर्षांची, हात लावला तर गरम लागते. बिल वाढण्याचा याच्याशी संबंध असेल का? (सावंतवाडी तालुका)

उत्तर : आहे. बॅटरी भरली की इन्व्हर्टरने चार्जिंग जवळजवळ थांबवायला हवं. प्लेटा खराब झाल्या की 'भरली' ही अवस्था येतच नाही आणि वीज उष्णता होऊन जाते. लाइट किमान बारा तास सलग असताना वरच्या पद्धतीने मोजा : इन्व्हर्टरचा प्लग लावून एकदा, काढून एकदा. फरक ४० वॅटच्या पुढे असेल तर आधी पाण्याची पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आरओचं किंवा उकळलेलं चालत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा आणि वर व्हॅसलीन लावा. हे सगळं प्लग काढून, इन्व्हर्टर बंद करून; सोडा सेलच्या तोंडात जाता कामा नये. तरीही गरमच राहिली तर बॅटरी बदला आणि तोवर हवेशीर जागी ठेवा.

लाइट गेल्यावर फक्त राउटर चालवायचा असेल, तर त्याच्या व्होल्टेजचा, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा डीसी यूपीएस घ्या. १० वॅटसाठी मोठा इन्व्हर्टर जागा ठेवणं महागात पडतं.

प्रश्न : प्लगला लावायची 'वीज वाचवणारी' डबी खरंच काम करते का? (नाशिक)

उत्तर : नाही. आत एक कपॅसिटर आणि दिवा असतो. घरगुती बिल वापरलेल्या युनिटांवर लागतं आणि ती त्याने कमी होत नाहीत.

प्रश्न : पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) घ्यावेत की नुसता रेग्युलेटर बदलावा? (पुणे)

उत्तर : रेग्युलेटर जुना, डब्यासारखा आणि तापणारा असेल तर तो आजच बदला, पंखा हळू केला की उरलेली वीज तो उष्णता करून टाकतो. पंखा मात्र त्याच खोलीतला बदला जिथे तो दिवसरात्र फिरतो. ७५ ऐवजी ३० वॅट, रोज १६ तास, म्हणजे महिन्याला २१ युनिटं. सगळे आकार धरून युनिट १२ रुपये पडत असेल तर अडीचशे रुपये. तीन हजारांचा पंखा साधारण वर्षभराच्या वापरात फिटतो. पाहुण्यांच्या खोलीतला कधीच फिटणार नाही. बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा. तो तसाच राहिला आणि कुणी दोनवर फिरवला की पंख्याच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडू शकतो. जुना पंखा नुसताच मंद झाला असेल, तर आधी २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून पाहा.