आंब्याखाली लॉन टिकत नाही. सावलीत जमीन झाकायला देशी काय लावू, बारा महिने हिरवं राहील असं?

रानहळद लावा. आंब्याखाली गवत वाढवायचा नाद सोडा, त्यात पैसे घालवणाऱ्यांची मला आता कीवही येत नाही.

राहिलं ते 'बारा महिने हिरवं'. तिथेच माझं डोकं फिरलं, कारण आमच्या सोसायटीत याच हट्टापायी माझा वाफा गेला. मागच्या भिंतीलगत दोन आंबे आणि एक जांभूळ, खाली फक्त कवडसे. तिथे मी रानहळदीचे कंद लावले होते. मृगाचा पाऊस झाला की तुरे वर यायचे. शेंड्याला गुलाबी-जांभळा झुपका आणि खालच्या हिरव्या खोबणींतून डोकावणारी पिवळी फुलं. ऑगस्टात पानांखाली माती दिसायची नाही. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे, तेव्हा कमिटीही कौतुक करायची.

दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडतात आणि मग वर काहीच उरत नाही. कंद खाली जिवंत असतात. पण कमिटीला वाफा ओसाड दिसला. मी गावाला गेलेली असताना माळ्याकडून खणून घेतला, कंद कचऱ्यात आणि जागेवर वेडेलिया, ती जमिनीलगत पसरणारी पिवळ्या फुलांची शोभेची वेल. सभेत विचारलं तर म्हणे, "ताई, सात महिने मातीच बघायची तर बाग कशाला?"

अहो, सह्याद्रीतली कितीतरी झाडं अशीच जगतात! पाऊस आहे तोवर वाढायचं, मग सगळं कंदात साठवून गप्प बसायचं. वेडेलिया मूळची अमेरिकेकडची. सावलीत धड फुलत नाही, आणि पेरापेराला मुळं धरत पसरते. आता ती भिंतीपलीकडे ओढ्याकाठी पोचली आहे. तिथून ती कोण उपटणार, ते काही इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

लागवड सोपी आहे. मे अखेरीस कंद दोन इंच खोल, वीत-दीड वीत अंतरावर लावा. पाणी साचत असेल तर आधी माती उंच करा, नाहीतर कंद कुजतील. आंब्याचा पाला झाडून जाळू नका, तो वाफ्यावरच राहू द्या. पानं वाळली की पाणी बंद, तुम्हाला कितीही दया आली तरी.

अगदी अंधार असेल तर फुलं कमी येतील, खालच्या एक-दोन फांद्या काढाव्या लागतील. कंद रोपवाटिकेतूनच घ्या, घाटातून उपटून आणू नका. अभयारण्यात तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. रोपवाल्याने हळदीच्याच कुळातली परदेशी गुलाबी सयाम ट्यूलिप गळ्यात मारली तर घेऊ नका, तिला ऊन लागतं. कास पठारावर दिसते ती पांढऱ्या फुलांची चवर, हळदीचीच भावकी, तीही मोकळ्या माळावरची. पुढच्या कडेला काळी मुसळी चालेल, पण तीही उन्हाळ्यात गायब होते. हिरवंच हवं असेल तर ओलाव्याच्या कोपऱ्यात मंडूकपर्णी लावा आणि वर्षभर पाणी घालत बसा.

आणि जागा सोसायटीची असेल तर आधी लेखी ठराव करून घ्या, की नोव्हेंबर ते मे या वाफ्यात कुणीही कुदळ मारणार नाही. माळ्यालाही त्याची एक प्रत द्या. तोंडी 'हो हो' वर अजिबात जाऊ नका.