पापडावर मोजा प्रकाशाचा वेग

प्रश्न : वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे अकरावीत पाठ करून घेतात. घरी पडताळून बघता येईल का? (विद्यार्थिनी, मुलुंड)

उत्तर : येईल की! उडदाचे दोन-तीन कच्चे पापड आणि मायक्रोवेव्ह ओव्हन एवढं पुरे. आतली फिरती काचेची थाळी काढा, खालच्या खुंटावर काचेचा वाडगा पालथा घाला आणि त्यावर सपाट पुठ्ठा ठेवा. पुठ्ठा जराही फिरता कामा नये. पापड शेजारी शेजारी पसरा, ओव्हन चालू करा आणि दारासमोरून हलू नका. साधारण २० ते ३० सेकंदांत काही ठिपके फुलून पांढरट होतात, बाकीचा पापड कच्चाच राहतो. तिथेच बंद करा. आणखी ठेवलात तर ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात, पापड जळतो आणि मोजायला काही उरत नाही.

भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून आत स्थिर तरंग तयार होतात. जिथे त्यांचा जोर जास्त तिथे पापड भाजतो. लगतच्या दोन ठिपक्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर साधारण ६ सेंमी भरतं. ही अर्धी तरंगलांबी. दुप्पट करायला विसरलात की उत्तर निम्मं येतं, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वारंवारता छापलेली असते, बहुधा २४५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी तरंग. ०.१२ मीटरने गुणा : सेकंदाला २९ कोटी ४० लाख मीटर. ओव्हनमधले तरंग प्रकाशाच्याच जातीचे, आणि प्रकाशाच्या वेगाचा खरा आकडा २९,९७,९२,४५८. पापडाच्या मानाने झकासच! तरंग उभ्या-आडव्या सगळ्याच भिंतींवरून परततात, त्यामुळे ठिपके एका रांगेत येत नाहीत. एखादी जोडी ५ सेंमी देते, एखादी ७. म्हणून पाच-सहा जोड्यांची सरासरी घ्या. रिकामा ओव्हन मात्र चालवू नका. शोषायला काही नसलं की ऊर्जा उलटून तरंग निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवरच येते.

प्रश्न : लोकलच्या डब्यात छोट्या रेडिओवर अस्मिता वाहिनी नुसती खरखरते, एफएम मात्र बरं लागतं. असं का? (वाचक, दादर)

उत्तर : वेग दोन्हींचा एकच, तरंगलांबी निराळी. अस्मिता वाहिनी एएमवर लागते, तिच्या ५५८ किलोहर्ट्‌झची लांबी सुमारे ५३७ मीटर, तर एफएमवरच्या १०७.१ मेगाहर्ट्‌झची जेमतेम २.८ मीटर. एवढ्या लांब तरंगाच्या लेखी लोखंडी डबा म्हणजे जवळजवळ बंद पेटी. खिडक्या असून नसल्यासारख्या. एफएमला उघडी दारं-खिडक्या बऱ्यापैकी पुरतात. शिवाय २५,००० व्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा वीज घेणारा सांगाडा) घासताना ठिणग्या उडतात. त्यांचा गोंगाट तरंगाच्या उंचीत मिसळतो आणि एएम रेडिओ नेमकी उंचीच वाचतो. एफएम रेडिओ उंचीतले चढउतार छाटून टाकतो. एएमसाठी खिडकीशी बसून रेडिओ आडवा धरा आणि हळूहळू फिरवून बघा, आतली फेराइटची कांडी, म्हणजे एएमची अँटेना, दिशा पाहते. एफएमसाठी इयरफोनची वायरच अँटेना असते, तिची गुंडाळी करू नका. किमान ७० सेंमी सरळ लोंबू द्या.

प्रश्न : ओव्हनच्या दारातून आतलं दिसतं, मग तरंग बाहेर कसे येत नाहीत? (गृहिणी, परळ)

उत्तर : दारातल्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि तरंग १२ सेंमीचा, म्हणून तो अडतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी, तो आरामात निघतो. काळजी जाळीपेक्षा दाराच्या कडेची घ्या. बिजागरी सैल होऊन पडलेली लांबट फट केसाएवढी बारीक असली तरी गळू शकते, कारण इथे रुंदीपेक्षा लांबी महत्त्वाची. दार वाकलं असेल तर दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका.