कोल्हापुरात स्टेटसवरून वातावरण तापतं तेव्हा कायदा नेमकं काय सांगतो आणि आपण काय करायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत: भारतात ईशनिंदेचा कायदा आहे का, एका स्टेटसवरून लोक रस्त्यावर का येतात, आणि आपल्या गल्लीत असं काही झालं तर पहिल्यांदा काय करायचं. तिसऱ्या प्रश्नाला मी जास्त जागा देतो, कारण नुकसान तिथंच होतं.

पाकिस्तानात आहे तसा ईशनिंदेचा कायदा आपल्याकडे नाही. दोन्ही देशांच्या कायद्याचं मूळ १८६० ची दंड संहिताच. पाकिस्तानने १९८२ आणि १९८६ मध्ये त्यात नवी कलमं घालून शिक्षा जन्मठेप आणि फाशीपर्यंत नेली. आपल्याकडे राहिलं ते धर्माच्या अपमानाबद्दलचं कलम २९५अ, आणि १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही.

या कलमाचा जन्मच लोकक्षोभातून झाला. लाहोरमध्ये प्रेषित मोहम्मदांवरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सोडून दिलं, कारण समाजांत वैर वाढवण्याबद्दलच्या तेव्हाच्या कलम १५३अ मध्ये असा गुन्हा बसत नव्हता. लोक प्रचंड संतापले आणि त्याच वर्षी २९५अ आलं. तरीही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. कलम आणलं की माणसं शांत होतात, हे त्या पहिल्या प्रकरणातही खरं ठरलं नाही. कायदा आणखी कडक करा अशी मागणी होते तेव्हा मला हे आठवतं.

आता कलमातला खरा शब्द बघा. फिर्यादीत सगळे लिहितात ‘भावना दुखावल्या’. कलम विचारतं हेतू. एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केला का, एवढाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवलं ते याच अटीवर: अजाणता, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान यात येत नाही. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीविरुद्धची, मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात दाखवल्यावरून झालेली तक्रार याच मुद्द्यावर रद्द झाली. चौकात जमलेला माणूस मात्र मोजतो ते स्वतःचं दुःख. ते दुःख खरं असतं, खोटं नसतं. पण न्यायालयाचं माप वेगळं आहे, आणि हे कुणी आधी समजावून सांगितलेलं नसतं.

कोल्हापूरचंच घ्या. ६ जून म्हणजे शिवराज्याभिषेक दिन. २०२३ मध्ये त्याच सुमारास काही पोरांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांचे स्टेटस ठेवले. ७ जूनला बंदची हाक, शिवाजी चौकात गर्दी, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि इंटरनेट बंद. छत्रपती संभाजी महाराजांना ज्याने हालहाल करून मारलं त्याचं कौतुक त्या दिवशी कोल्हापुरात कुणी करावं, याचा राग येणं मी समजू शकतो. पण कायद्याच्या दृष्टीने औरंगजेब हा बादशहा आहे. तो देव नाही, धर्मग्रंथ नाही. त्याची स्तुती म्हणजे दुसऱ्याच्या धर्माचा अपमान, हे २९९ मध्ये बसवणं माझ्या मते अवघड आहे. दोन समाजांत वैर वाढवण्याचं कलम १९६ आणि अफवा किंवा चिथावणीचं ३५३ वेगळं; तिथंही मजकूर आणि हेतू दोन्ही दाखवावे लागतात.

१९६ चं जुनं रूप म्हणजे १५३अ, आणि त्यावरचा अलीकडचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जिल्ह्यातला आहे. एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप मजकुरावरून हातकणंगले पोलिसांत गुन्हा नोंदला होता. मजकुरात ५ ऑगस्टला, म्हणजे काश्मीरचं कलम ३७० हटवलं त्या दिवसाला, काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ ला तो रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजताना कमकुवत मनाचा, प्रत्येक गोष्टीत धोका बघणारा माणूस धरायचा नाही, विचारी आणि खंबीर माणूस धरायचा, हे तिथं पुन्हा सांगितलं. उलट बाजूही सांगतो. स्टेटस खासगी असतं हा बचाव चालेलच असं नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने २९५अ चा एक गुन्हा रद्द करायला नकार देताना म्हटलं की स्टेटस ओळखीच्या लोकांनी बघावं म्हणूनच ठेवतात. ग्रुप ॲडमिनबद्दल मात्र त्याच खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे: दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, सामाईक हेतू दाखवावा लागतो.

आता पहिले तीन-चार तास. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून लोक घाईने स्क्रीनशॉट काढतात आणि फिरवतात. इथंच दोन गोष्टी बिघडतात. एक, पुराव्याचं मूळ हरवतं. दहाव्या फॉरवर्डला आलेल्या चित्रावर वरती फक्त ‘बंड्या’ असं सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर नाही, तारीख नाही, आणि ते चित्र कापलेलं की जोडलेलं हेही कळत नाही. दुसरं, ज्या मजकुराने अपमान झाला म्हणता तो पन्नास जणांनी पाहिला असता, तुम्ही पन्नास हजारांना दाखवता. आणि फॉरवर्ड करणाराही तपासात येऊ शकतो.

नीट पुरावा असा घ्यायचा. ज्याच्या फोनवर मूळ स्टेटस दिसतंय त्याचाच फोन धरा. दुसऱ्या फोनने एकाच सलग व्हिडिओत हे सगळं टिपा: स्टेटसची यादी, त्याखालची वेळ, स्टेटस पूर्ण आवाजासह, मग त्या माणसाच्या नावावर टिचकी मारून उघडलेला त्याचा नंबर. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक असेल तर पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा, नाव बदलता येतं पण लिंक कामाला येते. मूळ फोनमधलं काही खोडू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्याचा फोन आहे तोच ते नीट देऊ शकतो. तो माणूस फिर्यादी किंवा साक्षीदार व्हायला तयार आहे का, हे त्याच दिवशी विचारा. पुढे गर्दी पांगते आणि फोनचा मालक म्हणतो, मला यात घेऊ नका.

मग दोघं-तिघं जाऊन पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. लक्ष्मीपुरी असो, जुना राजवाडा असो, राजारामपुरी असो, हद्दीचा प्रश्न आला तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. फिर्यादीत ‘आक्षेपार्ह मजकूर ठेवून भावना दुखावल्या’ एवढंच लिहिलंत तर ते प्रकरण तिथंच अर्धं संपलं. शब्द जसेच्या तसे लिहा, अगदी शिवी असली तरी. चित्रात काय आहे, मागे कुठला आवाज आहे, किती वाजता, कुणाच्या फोनवर, त्याच माणसाने आधीही असं केलं होतं का, कुणी काढ म्हटल्यावरही ठेवलं का. हेतू सिद्ध होतो तो या शेवटच्या दोन गोष्टींतून. प्रत मोफत मिळते, ती घ्या. नोंदच नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पोलीस म्हणाले की चौदा दिवस प्राथमिक चौकशी करतो, तर त्याला टाळाटाळ समजू नका. तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(३) उपअधीक्षकांच्या परवानगीने तशी मुभा देतं. बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सांगितलंय.

ठाण्याबाहेर पाचशे जण उभे असले की काय होतं? अधिकारी गर्दी पांगवण्यासाठी हाताला येतील ती कलमं लावतो. २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर प्रश्न विचारणाऱ्या फेसबुक पोस्टवरून पकडलं, तेव्हा आधी २९५अ लावलं होतं. त्या पोस्टचा धर्माशी काडीचा संबंध नव्हता. नंतर कलम बदललं, प्रकरण बंद झालं आणि कारवाई पोलिसांवर झाली. घाईच्या गुन्ह्यात शब्द नोंदलेले नसतात, फोन नीट जप्त झालेला नसतो, आणि २९९ किंवा १९६ साठी लागणारी सरकारची पूर्वमंजुरी राहून जाते. ही मंजुरी गुन्हा नोंदवायला लागत नाही, न्यायालयाने दखल घ्यायला लागते. ती नसेल तर प्रकरण तिथंच अडतं. लोकांना वाटतं आपल्याला फसवलं, आणि पुढच्या वेळी ठाण्यात कुणी जात नाही, सगळे थेट चौकात जातात. हे चक्र मला सगळ्यात जास्त सलतं.

चौकात गेलेल्या पोराचं काय होतं तेही ऐका. बेकायदेशीर जमावात सामील असलेल्याने स्वतः दगड मारला नसला तरी समान उद्दिष्टासाठी न्याय संहितेच्या कलम १९० ने तो जबाबदार धरला जातो. दगडफेकीच्या व्हिडिओत चेहरा दिसला की नाव गुन्ह्यात. आपल्याकडची किती पोरं पोलीस भरती आणि सैन्य भरतीसाठी पहाटे पळतात! चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा निघतोच, आणि अर्जात लपवला तर लपवणं हेच अपात्रतेचं कारण होऊ शकतं. तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी हे एक वाक्य पोरांना सांगितलं तरी निम्मी गर्दी कमी होते. पेठेतला पोरगा पोलिसांचं ऐकेल-न-ऐकेल, तालमीतल्या वस्तादांचं ऐकतो. म्हणून बातमी कळल्यावर पहिला फोन तिकडं करा, दुसरा ११२ ला, आणि तिसरा समोरच्या मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसाला. हा तिसरा नंबर शांततेच्या दिवसांत घेऊन ठेवावा लागतो. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. तिथल्या लोकांना एकमेकांचे नंबर शोधावे लागत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचं, म्हणजे तुमच्याच घरातल्या मुलाने काहीतरी ठेवलंय. स्टेटस लगेच काढायला लावा, पण फोन रिसेट करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. घराबाहेर जमाव आला तर मुलाला समोर आणून हात जोडायला लावून माफीचा व्हिडिओ काढू देऊ नका. त्यातून राग शमत नाही, चेहरा आणि पत्ता मात्र गावभर होतो. असा व्हिडिओ जबरदस्तीने करवून घेणाऱ्यांवर अडवणूक आणि धमकीचा गुन्हा होऊ शकतो. माफी मनापासून मागायची असेल तर लेखी, ठाण्यात, वडीलधाऱ्यांसमोर. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. नोटीस आली की वकिलासह हजर राहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मदत क्रमांक १५१००.

मुलगा अठराच्या आतला असेल तर नियम पूर्ण वेगळे, आणि अशा प्रकरणांत अल्पवयीन पोरं नेहमी सापडतात. इतक्या शिक्षेच्या गुन्ह्यात एकट्या अल्पवयीनावर एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. कोठडीत ठेवता येत नाही. त्याचं नाव, फोटो, शाळा छापणं किंवा फिरवणं यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. ‘हाच तो’ म्हणून फोटो फिरवणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं.

गुन्हा चुकीचा वाटत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात रद्द करायचा अर्ज होतो. त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालंय.

आणि फिर्यादी तुम्ही असाल तर तारखेची नोंद ठेवा. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या दिवशी ठाण्यात जाऊन दोनच गोष्टी विचारा: फोन तपासणीला गेला का, आणि मंजुरीचा प्रस्ताव सरकारकडे पाठवला का.