छंदाच्या ऑर्डरी झाल्या आणि मन उडालं

"मॅडम, सुईकडे बघावंसंसुद्धा वाटत नाही. मी आळशी झालेय का?" जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जिवापाड आवडणारी गोष्टच नकोशी झाली, माझंच काही बिघडलंय का, ही काळजी घेऊन बरेच जण येतात.

ताईंना गोधड्या शिवायचा नाद. आईची जुनी लुगडी असायची, यजमान टॉवेलच्या कारखान्यात असल्यामुळे तुकड्यांनाही तोटा नव्हता. दुपारची भांडी आवरली की फरशीवर कापड अंथरायचं आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. निळ्या पट्ट्यांत मध्येच एखादा केशरी चौकोन कुठे बसवायचा, यावर त्या दोन-दोन दिवस घालवत. हे सांगताना आवाजच बदलला त्यांचा.

मग नणंदेनं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. पुण्याहून ऑर्डरी आल्या. माप ठरलेलं, रंग गिऱ्हाइकाचे, तारीख पक्की. वर्षभरात सुईदोऱ्याचा डबा कॉटखाली गेला.

आधी मी झोप, भूक, बाकीच्या आवडीनिवडी विचारल्या. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ताईंचं तसं नव्हतं. गड्ड्याच्या यात्रेला लेकीसोबत मनसोक्त फिरून आल्या होत्या.

मी त्यांना 1973 सालचा एक प्रयोग सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली होती. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हता. 'बक्षिसासाठी करायचं' हे आधीच ठरल्यानं आवड आटली.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण आमच्याकडं हात चालतोय म्हणजे पैसा यायलाच पाहिजे ना."

खरंय. मागावर नाहीतर विड्या वळून ज्या गावातली घरं चालली, तिथे हाताचं काम आणि मजुरी वेगळी काढणं सोपं नाही. त्यात लेकीच्या क्लासची फी याच पैशातून जात होती. ऑर्डरी बंद करा असं मी म्हणाले नाही, म्हणणारही नव्हते. एवढंच ठरवलं, की ऑर्डरी मोजक्या घ्यायच्या, रंग ताईंनीच निवडायचे, आणि एक गोधडी अशी शिवायची जी विकायची नाही, जिचा फोटो काढायचा नाही, जिला तारीख नाही.

ही गोधडी सुरू करायलाच त्यांना महिना लागला. यजमानांनी विचारलं, "ही कुणाची?" सांगताना त्या अडखळल्या, आपल्यासाठी काही करतोय हे घरात उघड म्हणायची सवयच नव्हती. त्यावर आम्ही गोधडीपेक्षा जास्त बोललो.

आता त्या महिन्याला दोनच ऑर्डरी घेतात. फी निघते. नणंद मात्र अजून नाराज आहे, आणि तिला काय नि कसं सांगायचं, याची तयारी चालू आहे.