लवंगेच्या झाडापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासाचा आराखडा दोनदा वाचला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोमिनी लोकांमध्ये राहून काम करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. पण कागदावर ‘संस्कृती’, ‘उपजीविका’, ‘श्रद्धा’ असे तीन रकाने पाडले आहेस, ते निघण्याआधीच पुसून टाक. तिथल्या माणसाचा दिवस असा तीन ठिकाणी वाटलेला नसतो.

सुलावेसीचा नकाशा उघड. बेटाच्या उत्तरेकडच्या लांब हाताच्या कुशीत तोमिनीचं आखात आहे आणि त्यातून विषुववृत्त जातं. वायव्येच्या किनाऱ्याला तिनोंबो, तोमिनी, मौतोंग ही गावं. आज ती पारिगी मौतोंग जिल्ह्यात येतात, तो २००२ साली दोंग्गाला जिल्ह्यातून वेगळा झाला. सपाट जमीन अगदी चिंचोळी, लगेच मागे डोंगर. खाली नारळाच्या बागा, भात, होड्या; वर उतारावर जंगल तोडून, भाजून केलेली भात-मक्याची फिरती शेती. बाहेरचे लोक सगळ्यांना सरसकट ‘तोमिनी’ म्हणतात, पण तोमिनींची भाषा तियालो आणि तिनोंबोमागच्या डोंगरात राहणाऱ्या लाउजे लोकांची भाषा वेगळी, तिची बहीण म्हण. कोण स्वतःला काय म्हणवतो, ते त्यालाच विचार. आणि इंडोनेशियन चांगली येईपर्यंत निघू नकोस. तियालो तिथे गेल्यावर शीक, रोज थोडी.

मी सांगते, लवंगेपासून सुरू कर. कळी फुलायच्या आत, गुलाबी होऊ लागली की खुडायची. घोस घरी आणून देठ हातानं मोडायचे, मग कळ्या उन्हात ताडपत्रीवर पसरायच्या. साधारण तीन किलो ओल्या कळ्यांची वाळून जेमतेम एक किलो लवंग होते. देठ मोडायला बसलेल्या घोळक्यात तूही बस. तिथे लग्नं ठरतात, उधारी निघते, आजारपणं बोलली जातात. यातली बहुतेक लवंग मसाल्यात जात नाही, तिथल्या लवंगी सिगारेटींत जाते. १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या धाकट्या मुलाकडे लवंगखरेदीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला मिळणारा भाव कोसळला, कित्येकांनी बागा तशाच सोडून दिल्या. १९९८ साली ती मक्तेदारी मोडली. वयस्कर बागायतदाराला त्या वर्षांबद्दल नक्की विचार.

कोकोची गोष्ट मला त्याहून अस्वस्थ करते. तानिया ली नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ १९९० पासून जवळजवळ वीस वर्षं लाउजे डोंगरात पुनःपुन्हा जात राहिल्या. पूर्वी ज्या पूर्वजानं मूळ जंगल तोडलं, त्याच्या सगळ्या वारसांचा त्या जमिनीवर हक्क असे. यंदा एकानं पेरलं, पुढे कधी दुसऱ्यानं. लोकांनी आपण होऊन कोको लावला आणि चित्र पालटलं, कारण झाड लावणाऱ्याचं असतं आणि ते वर्षानुवर्षं उभं राहतं. झाडाखालची जमीनही मग त्याचीच झाली. बाहेरून कोणी लुटायला आलं नव्हतं. भावाभावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत काहींच्या बागा वाढत गेल्या आणि काहींच्या मुलांना पेरायला तुकडासुद्धा उरला नाही. एकाच फेरीत हे दिसलं नसतं. म्हणून आत्ताच सांगते, परत जायचे पैसे बाजूला ठेव.

आता श्रद्धेबद्दल. तोमिनी सुन्नी मुसलमान आहेत. तू लिहिलं आहेस, ‘वरवर इस्लाम, आत जुनी भुतंखेतं.’ हे वाक्य खोड. नमाज पढणाऱ्या माणसाची श्रद्धा ‘वरवरची’ ठरवणारी तू कोण? लाउजेंमध्ये बाळाच्या जन्माशी जोडलेल्या आत्म्यांचे विधी आहेत आणि ते इस्लामात बसतात की नाही, यावर त्यांचे त्यांच्यातच वाद आहेत. तो वाद ऐक, निकाल देऊ नकोस. पाचवीला सटवाई पुजणाऱ्या आपल्या आजीला कोणी ‘वरवरची हिंदू’ म्हटलेलं तुला खपलं असतं का?

ही चूक मी केलेली आहे. कोकणातल्या एका कोळीवाड्यात पहिल्याच दिवशी वही उघडून देवाबद्दल विचारलं. जाळं विणणाऱ्या बाईंनी मला नीटनेटकी, पुस्तकी उत्तरं दिली आणि मी ती तशीच उतरवून घेतली. महिन्याभरानं त्याच बाई होडी लोटण्याआधी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून काहीतरी पुटपुटल्या. तोवर माझं प्रकरण लिहून झालं होतं, ते मी फाडलं.

पहिले पंधरा दिवस वही पिशवीतच राहू दे. नारळ सोलायला बस. ज्या घरात राहशील तिथल्या बाईला विचार, खोबरं धुरावर वाळवतात की उन्हात, आणि पाऊस आला तर काय करतात. मग मला लिही. लवंगा कोणाच्या अंगणात पडल्या होत्या आणि देठ मोडायला कोण कोण बसलं होतं, तेही लिही.

तुझ्या बाई